वीस किलोंचा कायदा



आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, अँडीज पर्वतात, ४,२०० मीटरांवरची खिंड ओलांडून माचू पिचू या जुन्या इंका नगरीला जाणारी एक पायवाट आहे. जगभरचे हौशी प्रवासी वाटाड्यासोबत ती सुमारे ४३ किलोमीटरांची वाट चार दिवसांत चालतात. तंबू, भांडी, शिधा मात्र वाहतात ते हमाल.

हे हमाल कोण? बहुतेक तुमच्यासारखेच शेतकरी. क्वेचुआ भाषा बोलणारे, डोंगरउतारावर बटाटा आणि मका पिकवणारे. शेतीला जोड म्हणून ते ओझे उचलतात. विरळ हवेत, दगडी पायऱ्या चढून पाहुण्यांच्या आधी मुक्काम गाठायचा, तंबू ठोकायचे आणि स्वयंपाकाला लागायचे.

पूर्वी पाठीवर किती लादावे याला धरबंध नव्हता. २००१ साली पेरूने हमालांसाठी कायदा केला आणि ओझ्याची मर्यादा २० किलो ठरवली. वाटेच्या नाक्यावर ओझी काट्यावर तोलली जातात. दिवसाला ५०० जणांनाच परवाना मिळतो, त्यात हमाल आणि वाटाडेही आले. फेब्रुवारीत, ऐन पावसाळ्यात, डागडुजीसाठी वाट बंद ठेवतात.

आपल्याकडे डीएपीचे पोते ५० किलोंचे. ते गड्याच्या पाठीवर देताना हा २० चा आकडा आठवा. पोते बांधावरच सोडून खत घमेल्याने न्या, किंवा हातगाडी वापरा. दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील. गेलेली कंबर मात्र बाजारात विकत मिळत नाही.