आज्ञावली चुकली? वही उघडा!

संगणकाला द्यायच्या सूचनांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. पहिलीच आज्ञावली चुकली की पुष्कळ विद्यार्थी हिरमुसतात. 'हे आपले काम नव्हे' असे त्यांना वाटते. त्यांनी मॉरिस विल्क्स यांची हकीगत ऐकावी.

१९४९ साली केंब्रिज विद्यापीठात विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली 'एडसॅक' हा संगणक सुरू झाला. त्याच्यासाठी खुद्द विल्क्स यांनी एक गणिती कोष्टक काढण्याची आज्ञावली लिहिली. कागदी फितीवर छिद्रे पाडून नोंदलेल्या त्या १२६ आज्ञांमध्ये सुमारे २० चुका निघाल्या! उरलेल्या आयुष्याचा बराच काळ स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार, हे त्यांना तेव्हा उमगले. पण ते खचले नाहीत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून घेतलेल्या छोट्या छोट्या आज्ञावलींचा संग्रहच केला. त्या पुन्हापुन्हा वापरता येत. आपणही तसेच करावे : थोडे लिहावे, तपासावे, मग पुढे जावे.

समजा, १ ते १० या संख्यांची बेरीज हवी होती आणि ५५ ऐवजी ४५ आली. अंदाजाने खाडाखोड करू नका. वहीत 'संख्या' व 'बेरीज' असे दोन रकाने आखा. प्रत्येक फेरीत काय घडते ते मांडा. शेवटची फेरी ९ वरच थांबलेली दिसेल. 'संख्या १० पेक्षा लहान असेपर्यंत' ही अट चुकली. '१० किंवा त्याहून लहान' अशी हवी. संगणक सांगितले तेच करतो, मनातले ओळखत नाही.

आता १ ते १० मधील फक्त सम संख्यांची बेरीज करा. उत्तर ३० यायला हवे. नाही आले, तर पुन्हा वही उघडा!