अक्षरांचा क्षय

ज्याचा क्षय होत नाही ते 'अक्षर', असे आपण व्याकरणाच्या तासाला शिकलो. गेल्या वर्षी मात्र या व्युत्पत्तीवरचा माझा विश्वास डळमळला. गावोगाव हिंडून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्या मी घरच्या संगणकावर उतरविल्या. तेथे त्या स्वच्छ दिसत. सर्व्हरवर चढविताच ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या झाल्या!

असे का व्हावे? संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हा केवळ संकेत आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीसाठी १२८ जागांचा गट राखला. त्यातील आकडे साठविण्याची यूटीएफ-८ ही पद्धत केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट झाले.

सर्व्हर जर जुना लॅटिन-१ हा संकेत पाळत असेल, तर तो एका बाइटला एक अक्षर मानतो. मोडीत लिहिलेली चिठ्ठी बाळबोध समजून वाचावी, तसाच हा प्रकार! मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये २०१८ साली ८.० ही आवृत्ती येईपर्यंत लॅटिन-१ हाच गृहीत संकेत होता.

रोगाची लक्षणे तीन. नुसते चौकोन दिसले, तर बहुधा फाँट नाही. मजकूर सुखरूप असतो. एका अक्षराऐवजी तीन परकी चिन्हे उमटली, तर बाइट बहुधा शाबूत आहेत, वाचन चुकले आहे; संकेत सुधारावा, पण तोवर तो मजकूर पुन्हा साठवू नये. प्रश्नचिन्हे दिसली, तर साठवलेले बाइट तपासावेत. तेथेही ६३ हाच आकडा ओळीने असेल, तर अक्षरे गेली. कारण प्रश्नचिन्हाचा आकडाच ६३. लॅटिन-१ मध्ये न मावणारी अक्षरे टाकून सर्व्हरने ते चिन्ह लिहिलेले असते.

उपाय साधा आहे. फाइल, डेटाबेस, डेटाबेसशी होणारी जोडणी आणि पानाचा मथळा या चारही ठिकाणी यूटीएफ-८ स्पष्ट नोंदवावे. यंत्राच्या गृहीतावर विसंबू नये. आधी एकच ओळ चढवून पाहावी.

माझ्या बाबतीत ६३ च निघाला. ओव्या वाचल्या त्या पेन्सिलीने लिहिलेल्या वहीमुळे. त्या सांगणाऱ्या एक आजी आता हयात नाहीत. म्हणून मित्रहो, सर्व्हरवर मजकूर नीट दिसेपर्यंत वही रद्दीत घालू नका.