सदुसष्ट गुणांचा उंबरठा

नागपूरच्या वर्धा रोडने खापरीकडे गेले की मिहानच्या रुंद सडका लागतात. सॉफ्टवेअर कंपन्या, विमानदुरुस्तीचे केंद्र, एम्स, आयआयएम. शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांच्या शेतजमिनींवर हे सारे उभे राहिले. 2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, तेव्हापासून विदर्भातल्या घराघरांत एक आशा होती : आता पोरांना नोकरीसाठी पुण्या-मुंबईची गाडी धरावी लागणार नाही.

ती आशा काही अंशी खरीही झाली. पण गंमत अशी, की संध्याकाळी मिहानमधून घरी परतणारी काही पोरे जेवणे आटोपली की संगणक उघडून कॅनडाचे गुण मोजत बसतात. पलीकडच्या खोलीत आईवडील टीव्हीचा आवाज कमी करून कानोसा घेतात. हे ‘पीआर, पीआर’ म्हणजे नेमके काय? त्या आईवडिलांसाठी हा लेख.

पीआर म्हणजे कायमचा रहिवास, नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट भारताचाच राहतो, मतदानाचा हक्क मिळत नाही. पण कोणत्याही मालकाकडे, देशात कुठेही नोकरी करता येते. हा हक्क टिकवायचा तर दर पाच वर्षांत किमान 730 दिवस कॅनडात राहावे लागते. पुढे तिथले नागरिकत्व घेतले की भारताचे जाते, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही.

कॅनडाने गुणपद्धत आणली 1967 साली. त्यापूर्वी माणूस कोणत्या देशातून आला याला वजन असे. आता ते शिक्षण, भाषा, वय आणि अनुभव यांना आले. कुशल कामगार योजनेत 100 पैकी 67 गुण हा पात्रतेचा उंबरठा आहे. 2025 च्या नियमांनी एक हिशेब करून पाहू.

समजा, मुलगा 29 वर्षांचा, अभियंता, मिहानमध्ये चार वर्षे नोकरी झालेली. वयाचे 12, पदवीचे 21, अनुभवाचे 13, झाले 46. आता इंग्रजीची परीक्षा. वाचन, लेखन, श्रवण, संभाषण या चारही अंगांत जेमतेम किमान पातळी गाठली, तर 16 गुण. एकूण 62, म्हणजे नापास. त्याहून एक पायरी वर गेला, तर 20, एकूण 66. एका गुणाने दार बंद! आणखी एक पायरी चढला, तर 24. एकूण 70, आणि दार उघडले. चार वर्षांचे इंजिनीअरिंग एकीकडे आणि तीन तासांची इंग्रजीची परीक्षा एकीकडे.

पण त्या 66 वाल्याचीही वाट संपलेली नसते. पत्नीला कामापुरते इंग्रजी येत असेल आणि तिने तीच परीक्षा दिली, तर 5 गुण मिळतात. 66 चे 71 होतात. ‘सुनेला काय करायची परीक्षा’ म्हणणाऱ्या सासूबाईंनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

पात्र ठरले म्हणजे निवड झाली, असे मात्र नव्हे. जानेवारी 2015 पासून पात्र उमेदवारांना 1200 गुणांच्या दुसऱ्या चाळणीतून जावे लागते. अधूनमधून फेऱ्या निघतात आणि वरच्यांना बोलावणे येते. इथे तिशीपासून दर वाढदिवसाला साधारण 5 गुण कमी होतात, चाळिशीनंतर त्याहून अधिक. पंचेचाळिशीला वयाचे गुण शून्य. मार्च 2025 पासून कॅनडातल्या नोकरीच्या पत्राचे या चाळणीतले गुणही बंद झाले. तेव्हा ‘नोकरीचे पत्र मिळवून देतो, गुण वाढतील’ म्हणत लाखो रुपये मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा. स्पर्धेत नाव नोंदवायला सरकारी शुल्क नाही, आणि एजंट लागतोच असेही नाही.

लागतात ते कागद. कंपनीचे अनुभवपत्र नुसत्या ‘काम समाधानकारक’ या शेऱ्याचे चालत नाही. कामाचे स्वरूप, तास, पगार त्यात हवे. बहुतेकांना खात्यात शिल्लकही दाखवावी लागते. ती उसनी चालत नाही आणि घराची किंवा प्लॉटची किंमत त्यात धरत नाहीत. ज्यांची जमीन मिहानमध्ये गेली, त्या घरांना कागदावर पात्रता सिद्ध करणे काय असते, हे वेगळे सांगायला नको.

‘मग अमेरिका काय वाईट?’ असे कुणी विचारील. तिथे गुणांची पाटी नाही, रांग आहे. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे 1,40,000 ग्रीन कार्डे, आणि कोणत्याही एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा. भारतीय अर्जदार इतके, की अनेकांची रांग दशकांत मोजावी लागते. लहानपणी तिथे गेलेले मूल 21 वर्षांचे झाले की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकते. वाढला तिथे, आणि राहण्याची परवानगी मात्र नव्याने शोधायची!

राहता राहिले मागचे. आईवडिलांसाठी कॅनडाचा सुपर व्हिसा आहे. 2022 पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. पण ती भेटच. आणि मुलाचे ठरावीक उत्पन्न व आरोग्यविमा ही अट आहेच. शिवाय पाच वर्षे नागपूरचे घर, शेजार, डॉक्टर सोडून राहायचे का, हा प्रश्न सरकारच्या तक्त्यात बसत नाही.

म्हणून एखाद्या रविवारी पोह्यांच्या बश्या बाजूला सारून सर्वांनीच त्या संगणकासमोर बसावे. मुलाने गुणांचा तक्ता उघडावा, सुनेने आपले मत सांगावे. आईवडिलांनीही आपले दुखणे-खुपणे, आपला पैसा, आपली इच्छा मोकळेपणाने मांडावी. जायचे ठरले तर इंग्रजीची तयारी त्याच आठवड्यात सुरू करावी, कारण वाढदिवस थांबत नाहीत. आणि राहायचे ठरले तर ‘आईबाबांमुळे राहिलो’ हे वाक्य पुढे कुणाच्याही तोंडी येऊ नये, एवढे बोलणे त्या दिवशी पुरे व्हावे.