बरणी, पाऊच आणि बाळाचा खाऊ

बेबी फूडच्या कप्प्यापाशी उगाच रेंगाळणाऱ्यांपैकी मी एक! अमेरिकेत १९२८ साली गर्बर या ब्रँडने गाळलेल्या भाज्या विकायला काढल्या, त्या पत्र्याच्या डब्यांत. पुढे काचेच्या बरण्या आल्या. बरणीच्या झाकणाचा मधला भाग दाबून बघा. टक्‌ वाजलं तर सील गेलेलं, सरळ परत ठेवा.

२००६ पासून ब्रिटनमध्ये एलाज किचन या कंपनीने तोटीवाले पाऊच लोकप्रिय केले आणि बाजार पालटला. हलके, न फुटणारे, कुठेही कोंबता येणारे. गोची एवढीच की प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असे चिकटवलेले असतात की रिसायकल करणं महाकठीण. म्हणून २०२० मध्ये गर्बरने एकाच प्लास्टिकचा, पॉलिप्रॉपिलीनचा पाऊच आणला. कल्पना झकास, पण रिकामे पाऊच गोळा कोण करणार?

आणि हो, तोटी थेट बाळाच्या तोंडात नको, वाटीत काढून चमच्याने भरवा. ब्रिटनची आरोग्यसेवाही हेच सांगते.

आपल्याकडची गंमत वेगळी. इथे खोक्यावर गुटगुटीत बाळ दिसणारच नाही! १९९२ च्या कायद्याने बाळाचं किंवा आईचं चित्र छापायला बंदी आहे. २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या खाद्याची जाहिरातही बंद.