खिशातला कॅमेरा की लेन्स बदलायचा कॅमेरा?

आमच्या पांडेसऱ्याच्या घरात भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा केलेला. डोळे नीट दिसत नाहीत, टोपीची कड मागच्या माणसाच्या खांद्यात मिसळली आहे. आजोबा गेले तेव्हा घरात त्यांचा दुसरा फोटोच नव्हता. खानदेशातून सुरतेच्या मिलमध्ये आलेल्या त्या पिढीत हे बऱ्याच घरांत झालं असेल. म्हणून मागच्या श्रावणात कानबाईसाठी आजी गावाहून येणार म्हटल्यावर मी ठरवलं, या वेळी तिचा एक धड फोटो काढायचाच.

त्याच सुमारास उधन्याला राहणारा भाचा मागे लागला होता. त्याला पहिला कॅमेरा घ्यायचा होता. "मामा, छोटा खिशातला घेऊ की लेन्स बदलता येणारा?" मी म्हटलं, कानबाईला ये, दोन्ही हातात घेऊन बघू.

माझ्याकडे सोनीचा आरएक्स१०० आहे, २०१२ सालचं मॉडेल, जुना घेतलेला. बॅटरीसकट २४० ग्रॅम, शर्टाच्या खिशात मावतो. ऑफिसातल्या मित्राकडून कॅननचा १५००डी आणला. हे २०१८ सालचं मॉडेल, लेन्स बदलता येणाऱ्यांतलं अगदी सुरुवातीचं. सोबत मिळणारी १८-५५ लेन्स लावली की पाऊण किलोच्या आसपास जातो. मित्राने ५० मिलिमीटरची एक छोटी लेन्सही दिली. म्हणाला, "ही वापर, मग बोल."

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी कागद-पेन घेतलं. कॅमेऱ्याच्या आत उजेड झेलणारी जी पट्टी असते, सेन्सर, तीच खरी जमीन. साध्या स्वस्त खिशातल्या कॅमेऱ्यात ती साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर असते, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. १५००डीमध्ये २२.३ गुणिले १४.९. क्षेत्रफळ जवळजवळ बारा पट! इथे तुलना संपते असं वाटेल. पण आरएक्स१००चा सेन्सर १३.२ गुणिले ८.८ आहे. त्याच्यापुढे १५००डी फक्त पावणेतीन-तीन पट मोठा. म्हणजे 'खिशातला कॅमेरा' ही एक जात नाही, दोन आहेत. दुकानात विचारताना आधी सेन्सरचं माप विचारायचं, मेगापिक्सल नंतर. ८ बाय १२ इंचाच्या चांगल्या प्रिंटला नऊ मेगापिक्सल पुरतात. सोनीत २०, कॅननमध्ये २४. त्या बाबतीत दोघंही पास.

आता दुसरी बाजू, लेन्सचं तोंड किती उघडतं. हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. आरएक्स१००ची लेन्स रुंद बाजूला एफ १.८ पर्यंत उघडते, कॅननसोबतची १८-५५ एफ ३.५ पर्यंत. फरक वर्गाने वाढतो, म्हणून सोनीची लेन्स पावणेचार पट जास्त उजेड आत सोडते. सेन्सर तीन पट लहान, उजेड पावणेचार पट जास्त. हिशेब केला तर रुंद बाजूला खिशातला कॅमेराच किंचित पुढे! मी दोनदा तपासलं, उत्तर तेच. भाच्याचा विश्वास बसेना. म्हटलं, रात्री बघू.

कानबाई म्हणजे आमच्याकडे नागपंचमीनंतरचा रविवार. दहा बाय बाराची खोली, चौरंगावर कानबाई मांडलेली, नारळाला डोळे-नथ लावून सजवलेलं तिचं मुख, समोर समई, वर एक एलईडी ट्यूब. स्वयंपाकघरात रोट चाललेले. आजी पाटावर बसून सुनांना सांगत होती, कणीक अजून घट्ट हवी, आच कमी कर. आई, काकू, दोन आत्या, पोरं, अशा खोलीत कमीत कमी बारा माणसं.

खिशातून सोनी काढला, दारात उभा राहिलो. तीन मीटरवरून त्यात साधारण पावणेचार मीटर रुंदीची जागा येते, म्हणजे सगळी खोली. आयएसओ ८०० वर फोटो आला. कॅननच्या १८-५५ ने तोच फोटो काढायला ३२०० वर जावं लागलं. लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं तर दोन्हींतले दाणे सारखेच, सोनीत उलट थोडे कमी. कागदावरचं गणित खोलीत खरं निघालं. शिवाय एक गोष्ट गणितात नव्हती. मोठा कॅमेरा वर उचलला की काकू पदर सावरायची, पोरं बोटं दाखवायची. छोट्या कॅमेऱ्याकडे कुणी पाहिलंच नाही.

मग ५० ची लेन्स लावली. ही लेन्सही एफ १.८ पर्यंत उघडते, पण आता मागे मोठा सेन्सर. तीन मीटरवरून जेमतेम सव्वा मीटर रुंदी दिसते, म्हणजे दोन माणसं दाटीवाटीने. ग्रुपसाठी मी गॅलरीपर्यंत मागे गेलो तरी निम्मी मंडळी बाहेरच. पण एकट्या आजीवर रोखली तेव्हा भाचा गप्प झाला. ट्यूबच्या उजेडात १/१२५ सेकंदाला आयएसओ १६०० वर तिच्या हातावरचं गोंदण स्वच्छ आलं. सोनीत जवळचं दिसावं म्हणून झूम केला की त्याची लेन्स एफ ४.९ वर येते. तिथे ६४०० वर नेऊनही १/६० मिळालं आणि कणीक मळणारा हात फरकटला. या ठिकाणी मोठ्या कॅमेऱ्याने वीसेक पट जास्त उजेड पकडला.

एक चूक सांगतो. पहिल्या पाच-सहा फोटोंत आजीची फुली स्पष्ट आणि डोळे पुसट आले. दीड मीटरवरून लेन्स पूर्ण उघडी असेल तर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीइतकंच स्पष्ट येतं. एफ २.८ केलं आणि डोळ्यावर नेम धरला, मग जमलं.

दुसरी चूक आप्पांनी पकडली. आजीचं लुगडं जांभळं होतं. स्क्रीनवर दोन्ही कॅमेऱ्यांत ते निळसर दिसत होतं. आप्पांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ रंग खरा नही." आप्पांची नोकरी डाइंग मिलमध्ये शेड जुळवण्यात गेली. मिलमध्ये त्यासाठी वेगवेगळ्या दिव्यांची पेटी असते. डी६५ म्हणजे बाहेरच्या उजेडासारखा, टीएल८४ म्हणजे दुकानातल्या ट्यूबसारखा. एका दिव्याखाली जुळलेले दोन तुकडे दुसऱ्याखाली वेगळे दिसू शकतात, हे त्यांना आमच्या जन्माआधीपासून माहीत. त्यांनीच उपाय सांगितला. पांढरा रुमाल आजीच्या शेजारी धर, त्याच्यावरून कॅमेऱ्याला पांढरं काय ते शिकव. कॅमेऱ्यात याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. रंग बराच सुधारला, तरी आप्पा म्हणाले, सकाळी उजेडात काढ.

सोमवारी सकाळी विसर्जनाच्या गडबडीआधी आजीला गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसवलं. श्रावणातला ढगाळ उजेड, सावली नाही. ५० च्या लेन्सने दहा-बारा फोटो काढले. लुगड्याचा रंग पाहून आप्पांनी नुसती मान हलवली. त्यांच्याकडून तेवढं पुरे.

मिरवणुकीत मात्र बॅग घरीच ठेवली. पाऊस भुरभुरत होता आणि दोन्ही कॅमेऱ्यांना पावसाचं संरक्षण नाही. छोटा रुमालात गुंडाळून खिशात नेता येतो. दुपारी ऊन पडल्यावर त्याच्या स्क्रीनवर काही दिसेना, तेव्हा मोठ्या कॅमेऱ्याच्या डोळ्याला लावायच्या खिडकीची आठवण झाली. पण तो घरी होता.

"मग फोन काय वाईट?" हा प्रश्न येणारच. रोजच्या उजेडात, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला काहीच वाईट नाही. फोन एकामागून एक बरेच फोटो घेऊन ते जोडतो, म्हणून रात्रीही बरा दिसतो. पण चेहऱ्यामागचं धूसर तो हिशेबाने रंगवतो. माझ्या फोनने आजीच्या कानामागचे पांढरे केस त्यातच पुसून टाकले होते.

भाच्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. प्रवास, सण, घरातली गर्दी, अचानक घडणारं टिपायचं असेल तर मोठ्या सेन्सरचा खिशातला घ्या. सोबतची १८-५५ लेन्स कधी काढणारच नसाल तर दुसऱ्या कॅमेऱ्याचं वजन कशाला वाहायचं? माणसांचे चेहरे काढायचे असतील, शिकायचं असेल, तर लेन्स बदलायचा घ्या. पण ५० एफ १.८ सारख्या लेन्सचे पैसे आधीच बाजूला काढा. ती जमणार नसेल तर कॅमेरा स्वस्त घ्या, जुना घ्या, पण लेन्स सोडू नका. हल्ली त्या जागी कॅननचा आर५० सारखे आरसा नसलेले कॅमेरे आले आहेत. सेन्सर त्याच मापाचा, हिशेबही तोच.

आजीला दोन्ही प्रिंट दाखवले. दारातला तिचा एकटीचा फोटो तिने लांब धरून पाहिला आणि बाजूला ठेवला. रोट करतानाचा, छोट्या कॅमेऱ्यातला फोटो मात्र हातातून सोडेना. "यामा सगळा शेतस," म्हणाली. एकेकाला बोट लावून नावं घेतली.

तो फोटो आता बैठकीत लावला आहे. एकटीचा फ्रेम करून आणला, पण आई म्हणाली, जित्या माणसाचा फोटो आजोबांच्या शेजारी लावायचा नाही. म्हणून तो कपाटात, आजीच्याच एका जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला आहे. तो तिथे बरीच वर्षं राहावा, एवढीच कानबाईकडे मागणी.