हार्टमनची ३५२ विमानं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातारा-सांगली भागात फौजेबद्दल कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एका गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले आणि गावानं त्यांचं स्मारक जपलं आहे. अशा या भागात भरतीपूर्व अकॅडमीत धावणाऱ्या पोरांच्या मोबाईलमध्ये मात्र हमखास एक जर्मन चेहरा सापडतो. एरिक हार्टमन, दुसऱ्या महायुद्धातला लढाऊ वैमानिक. खाली लिहिलेलं असतं : ३५२ विमानं पाडली, स्वतः एकदाही पडला नाही. आणि मग तो प्रश्न येतो, ‘सर, आपल्याकडं असा एक तरी झाला का?’

हा प्रश्न इतक्यांदा कानावर आला आहे की आता चीड येते. आकड्याची नव्हे, त्या आकड्यावरून काढलेल्या निष्कर्षाची.

३५२ म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. जर्मन हवाईदलानं हार्टमनच्या नावावर मान्य केलेली ही संख्या आहे. त्यांची पद्धत कडक होती : लेखी अहवाल, शक्यतो साक्षीदार, मग वरून मंजुरी. तरीही हवाई लढाईतला दावा आणि शत्रूचं प्रत्यक्ष नुकसान यांत अंतर पडतंच. ताशी पाचशे-सहाशे किलोमीटर वेगानं जाणारा माणूस धूर सोडत खाली जाणारं विमान पाहतो आणि ते पडलं असं समजतो. ते विमान ढगाखाली सावरून तळावर परतलेलं असतं. कधी एकाच विमानावर दोघं गोळ्या झाडतात आणि दोघांच्याही खात्यावर एकेक चढतं. यात खोटेपणा असायलाच हवा असं नाही. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. युद्धानंतर जर्मन कागद तपासले तेव्हा त्या दिवसाचं नुकसान साठच्या आसपास निघालं.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. ७ सप्टेंबर १९६५ ला सरगोध्यावर पाकिस्तानी वैमानिक एम. एम. आलम यांनी एका मिनिटाच्या आत पाच भारतीय हंटर विमानं पाडल्याचं पाकिस्तानात आजही अभिमानानं सांगितलं जातं. भारतीय नोंदींप्रमाणे त्या चकमकीत पाच हंटर गेलेलेच नाहीत. त्या दिवशी स्क्वाड्रन लीडर एस. बी. भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर जे. एस. ब्रार परतले नाहीत, ही खरी आणि पुरेशी मोठी किंमत आहे. आलम यांचा दावा आपण दोन्हीकडचे कागद मागून तपासतो, तर हार्टमनचा का नाही? त्याच्या शेवटच्या महिन्यांतली जर्मन कागदपत्रं अपुरी आहेत आणि रशियन संशोधकांनी त्याच्या आकड्याला आव्हान दिलं आहे. म्हणून ‘३५२ पाडली’ असं म्हणण्याऐवजी ‘३५२ त्याच्या नावावर धरली गेली’ असं म्हणावं. त्यातून बरीच वजा केली तरी तो असामान्य वैमानिक होता, यात शंका नाही.

पण एवढा मोठा आकडा आला कुठून? ‘जर्मन रक्त’, ‘जर्मन शिस्त’ ही उत्तरं ऐकली की वाईट वाटतं. खरं उत्तर साधं आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन वैमानिकाला ठरावीक उड्डाणं झाली की आघाडीवरून मागं घेत, विश्रांती देत, नव्यांना शिकवायला बसवत. अमेरिकेचा अव्वल वैमानिक रिचर्ड बाँग ४० वर पोहोचला आणि त्याला मायदेशी पाठवलं. जर्मन वैमानिकाला अशी सुटका नव्हती. मरेपर्यंत, जायबंदी होईपर्यंत किंवा युद्ध संपेपर्यंत उडायचं. हार्टमननं १४०४ उड्डाणं केली, त्यांतल्या ८२५ वेळा शत्रूशी गाठ पडली. त्यात आघाडी पूर्वेची, समोर सोव्हिएत विमानांची प्रचंड संख्या. ३०१ नावावर असलेला बार्कहोर्न आणि २७५ नावावर असलेला राल हे दोघंही हार्टमनच्याच ५२ व्या लढाऊ तुकडीतले, हा योगायोग नाही.

आणि सुरुवात? ऑक्टोबर १९४२ मध्ये आघाडीवर आला तेव्हा पहिल्याच मोहिमेत तो आपल्या म्होरक्याला हरवून बसला, इंधन संपवलं आणि विमान शेतात घातलं. शिक्षा म्हणून काही दिवस मेकॅनिकांबरोबर काम करावं लागलं. ५ नोव्हेंबरला पहिलं विमान पाडलं. दुसऱ्यासाठी जवळजवळ तीन महिने गेले. भरतीच्या पोरांनी घ्यायचंच असेल तर हे घ्यावं.

‘एकदाही पडला नाही’ हे तर साफ चूक. त्याला चौदा-सोळा वेळा मोडकं विमान कसंबसं उतरवावं लागलं. तो फार जवळ जाऊन गोळ्या झाडायचा, त्यामुळं समोरच्या विमानाचे तुकडे त्याच्याच विमानावर येऊन आदळायचे. पहिल्या विजयाच्या दिवशीही तेच झालं. २० ऑगस्ट १९४३ ला तर तो असाच रशियन हद्दीत उतरला आणि पकडला गेला. पोटात मार लागल्याचं सोंग केलं, ट्रकमधून नेत असताना वर जर्मन विमानं आली, गोंधळ उडाला आणि तो सूर्यफुलांच्या शेतातून पळाला.

किरकोळ गैरसमज आणखी आहेत. तो नाझी पक्षाच्या एसएस या सशस्त्र संघटनेत नव्हता, हवाईदलाचा अधिकारी होता. पण लढला हिटलरच्याच राजवटीसाठी, हेही विसरू नये. युद्धानंतर तो ऐषआरामात राहिला नाही. अमेरिकनांनी त्याला रशियनांच्या ताब्यात दिलं आणि १९५५ पर्यंत तो कैदेत होता. तीन वर्षांचा मुलगा त्या काळात वारला, बापानं त्याला पाहिलंही नाही. आणि ‘हिटलरला भारतीयांबद्दल आदर होता’ हे तर कृपा करून थांबवा. ‘माइन काम्फ’मध्ये भारतीय स्वातंत्र्यवाद्यांची हेटाळणी आहे आणि मे १९४२ च्या भेटीत नेताजींनी त्याबद्दल हिटलरकडंच विषय काढला होता.

आता ‘आपल्याकडं कोण’ याचं उत्तर. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाईदलाची हरिकेन विमानं मुख्यतः टेहळणीला आणि खाली लढणाऱ्या पायदळाच्या मदतीला जात. अर्जन सिंग यांना १९४४ मध्ये इम्फाळच्या लढाईतल्या कामगिरीसाठी डीएफसी हे शौर्यपदक मिळालं, ते पाडलेल्या विमानांच्या यादीवर नव्हे. त्याच आघाडीवर उडालेले हृषीकेश मुळगावकर पुढं काश्मीर युद्धात महावीरचक्राचे मानकरी आणि १९७६ मध्ये हवाईदलप्रमुख झाले. साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी प्रदीप नाईक मिग-२१ चे वैमानिक, १९७१ च्या युद्धात होते, २००९ मध्ये तेही हवाईदलप्रमुख झाले. म्हणजे साताऱ्यातून तिथवरची वाट आधीच पडलेली आहे.

शिवाय ज्या जर्मन फौजेचे फोटो आपण मिरवतो, तिच्याशी मराठा पलटणी इटलीत समोरासमोर लढल्या. माणगावकडच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर खोऱ्यात एकटे जर्मन मशिनगनवर चालून गेले. सेक्शनमध्ये दुसरं कुणी उभं राहिलेलं नव्हतं. हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. इकडं त्याच वर्षी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, आजच्या सांगलीतल्या कुंडलसह, नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांशी झुंजत होतं. एकाच मातीतली पोरं दोन आघाड्यांवर होती, आणि दोन्हींचा हिशेब पाडलेल्या विमानांत होत नाही.

घरातल्या जुन्या ट्रंकेत सहा टोकांचा पिवळसर धातूचा तारा असेल आणि त्याच्या फितीवर लाल, पांढरे, हिरवे पट्टे असतील, तर तो ‘इटली स्टार’ आहे. तो मोडीत घालू नका. ज्यांचा आहे त्यांचं नाव, पलटण आणि गाव एका कागदावर लिहून त्याच्याबरोबर ठेवा, आणि पोरांना तो दाखवा.