चेंबर पॅकिंग आणि इंजिन फाउंडेशन: घरच्या खळ्यात केलेलं काम

हात तेलात बरबटलेले असताना फोनवर ऑडिओ मागे-पुढे करता येत नाही, म्हणून हा भाग लिहूनही देतोय. बोललो तसाच ठेवलाय, थोडा साफ केलाय इतकंच.

आधी एक नेहमीचा खुलासा. आमचं मुरुड म्हणजे दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं मुरुड. जंजिरा आमच्याकडे नाही, तो रायगड जिल्ह्यात. दर मे महिन्यात कोणी ना कोणी चुकीचं लोकेशन लावून येतो आणि किल्ला कुठाय विचारतो.

तर, बाबांची मारुती ८००. २००९ ची. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, म्हणजे २०२४ मध्ये संपलं. पुढची पाच वर्षं हवी असतील तर गाडी आरटीओत दाखवून नूतनीकरण करायचं. आणि आमची गाडी उभी राहील तिथे तेलाचा रुपयाएवढा डाग. वर सिग्नलला उभी असली की स्टिअरिंग, आरसा, बाबांचा चष्मा, सगळं थरथरायचं. एका गॅरेजात सांगितलं की इंजिन उतरवावं लागेल. आकडा ऐकून बाबा म्हणाले, "विकून टाकू." मी म्हटलं, चार दिवस द्या.

आता थरथर का होते ते बघू. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तीन सिलिंडरचं इंजिन स्वभावतःच एका टोकापासून दुसऱ्या टोकाला डोलतं, झोपाळ्याच्या फळीसारखं. क्रँकच्या दोन फेऱ्यांत तीन स्फोट. म्हणजे आयडलला ९०० आरपीएम धरले तर सेकंदाला साधारण २२ धक्के. हे धक्के बॉडीपर्यंत पोचू नयेत म्हणून इंजिन रबराच्या तुकड्यांवर बसवलेलं असतं. पुस्तकात त्याला इंजिन माउंट म्हणतात, आपल्याकडे दुकानात 'फाउंडेशन' मागा. आमच्या गाडीला तीन आहेत. रबर बसलं, चिरलं, की धक्के थेट तुमच्या सीटला.

चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाची तेलाची परात, ऑइल पॅन. ती आणि इंजिन यांच्यामधली सील म्हणजे चेंबर पॅकिंग. काही गाड्यांत कॉर्क किंवा रबराचं पॅकिंग असतं, काहींत नुसतं सिलिकॉन. दुकानात मॉडेल आणि साल सांगूनच घ्या.

आणि या दोन दुखण्यांचं नातं आहे. बऱ्याच फाउंडेशनमधलं रबर तेल सोसत नाही. तेल लागत राहिलं की ते फुगतं, मऊ पडतं, धातूपासून सुटतं. आमचं मागचं फाउंडेशन तसंच गेलं होतं. गळती तशीच ठेवून फक्त फाउंडेशन बदललं असतं तर नवीनही गेलं असतं.

पण थांबा, गळती खरंच चेंबरचीच आहे का? आमच्या धंद्यात म्हणतात, एरर दिसते तिथेच बग असतो असं नाही. तेल वरून खाली येतं. टॅपेट कव्हरची सील गेली तरी थेंब शेवटी चेंबरच्याच बोल्टवर लटकतो. म्हणून आधी सगळं केरोसीन लावलेल्या फडक्याने पुसून कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा, गाडी हर्णैपर्यंत फिरवून आणा आणि टॉर्चने वरून खाली बघत या. पावडर जिथे सगळ्यात वर ओली, तिथे चोर. आमच्याकडे वरचं सगळं कोरडं होतं.

फाउंडेशन तपासायला दोन माणसं लागतात. हँडब्रेक ओढलेला, एकाचा पाय ब्रेकवर, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडायचा. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. समोर नाही, कधीच नाही. इंजिन उचलल्यासारखं उडी मारत असेल तर फाउंडेशन गेलं.

आता जे सांगतो ते नीट ऐका. पहिल्या दिवशी मी खळ्यातच, सारवलेल्या मातीवर, नुसत्या जॅकवर गाडी उचलली. मी पाना आणायला घरात गेलो तेवढ्यात जॅकचा पाय मातीत रुतला, तिरका झाला आणि गाडी चार बोटं खाली आली. खाली कोणी नव्हतं. पण बाबा तिथेच चटई अंथरत होते. त्या दिवशी काम बंद. दुसऱ्या दिवशी दापोलीहून दोन घोड्या आणल्या, खाली जाड फळ्या टाकल्या, मागच्या चाकांना दोन्हीकडून चिरे लावले आणि गाडी हाताने जोरात हलवून बघितली. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही.

क्रम महत्त्वाचा: आधी फाउंडेशन, मग चेंबर. कारण फाउंडेशन काढताना इंजिनला खालून आधार लागतो आणि तो जॅक, मध्ये रुंद लाकूड ठेवून, चेंबरलाच लावतात. नवीन पॅकिंगवर तो दाब नको. जॅक एवढाच चढवा की इंजिनचं वजन जेमतेम उचललं जाईल. एका वेळी एकच फाउंडेशन काढा, नवीन घाला, बोल्ट हाताने लावा. तिन्ही झाल्यावर जॅक काढा, इंजिन हाताने हलवून बसू द्या आणि मगच पूर्ण आवळा. आधीच आवळलं तर रबर पिळलेलंच राहतं, नवीन असूनही थरथर जात नाही. जुनं आणि नवीन शेजारी ठेवलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, फक्त विकायचा विषय बंद झाला.

चेंबरला वेळ लागतो तो साफसफाईत. इंजिन कोमट असताना तेल काढा, कडक गरम असताना नाही. खाऱ्या हवेत बोल्ट गंजलेले असतात, त्यांना आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारा. काही गाड्यांत सायलेन्सरचा पुढचा पाइप आधी सोडावा लागतो. जुनं पॅकिंग खरवडताना पृष्ठभागावर ओरखडे पाडू नका. चेंबर उताणं ठेवून कडा बघा. आधी कोणी जास्त आवळलं असेल तर बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वर आलेला असतो, तो लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट करा. तेलाची जाळीही धुऊन घ्या.

सिलिकॉन लावायचं असेल तर बारीक धार, तीनेक मिलिमीटर. जास्त लावलेलं आत पिळून येतं, तुटतं आणि त्या जाळीत अडकतं. जाळी तुंबली की तेलाचा दाब गेला, इंजिन गेलं.

माझी दुसरी चूक इथेच. चेंबरचे बोल्ट छोटे, दहाच्या पान्याचे. मी जीव खाऊन आवळले. पॅकिंग चेपून बाहेर आलं आणि सकाळी पुठ्ठ्यावर पुन्हा डाग. या बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. म्हणजे दहा सेंटीमीटरच्या पान्याला दहा किलोचा जोर, मनगटाचा, खांद्याचा नाही. मधून कडेकडे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत. फाउंडेशनचे बोल्ट वेगळे, त्यांना खरंच जोर लागतो. पुन्हा नवीन पॅकिंग आणलं, पुन्हा सगळं उघडलं. बाबांनी चहा दिला, टोमणा नाही दिला, हे नमूद करतो.

सिलिकॉन रात्रभर सुकू द्या, मग ड्रेन प्लगला नवीन वॉशर लावून तेल भरा. स्टार्ट केल्यावर तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद.

काढलेलं तेल खळ्याच्या कडेला ओतू नका. आपला जांभा पाणी पितो तसं तेलही पितो आणि आपली विहीर तिथेच आहे. कॅनमध्ये भरून जुनं तेल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

दुसऱ्या वेळी पुठ्ठा तीन सकाळी कोरडा निघाला. चौथ्या दिवशी बाबा गाडी घेऊन आरटीओच्या कामाला गेले, मला न उठवता.